उद्यानातील इंजिने आणि आपला संकोच

इंग्लंड आणि वेल्समधील औद्योगिक शहरांच्या नगरपालिकांकडे व पोलिसांकडे गेली अनेक वर्षे एक तक्रार सातत्याने येत आहे. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, न्यूकॅसल, दक्षिण वेल्समधील जुन्या कोळसाखाणींच्या दऱ्या, कोठेही पाहिले तरी तिचे स्वरूप एकच. सार्वजनिक उद्यानांत, नदीकाठच्या पायवाटांवर, बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर उगवलेल्या हिरवळीवर सायंकाळी आणि सुटीच्या दिवशी मोटारसायकली आणि क्वाड नावाच्या, चार जाड चाकांच्या उघड्या गाड्या भरधाव फिरतात. त्यांना नंबरप्लेट नसते, विमा नसतो, आणि चालविणाऱ्याचा चेहरा बहुधा झाकलेला असतो. फुटबॉलचे मैदान एका पावसाळी सायंकाळी उखडले जाते आणि पुढचा महिनाभर मुलांना तेथे खेळता येत नाही. म्हातारी माणसे बाकावर येऊन बसेनाशी होतात. बाबागाडी ढकलणारी आई मागून येणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकून गवतात उतरते, आणि दोन-तीनदा असे झाले की ती त्या वाटेनेच येणे सोडते. कोणी जखमी झाले तर वृत्तपत्रात चार ओळी येतात. उद्यानात येण्याचे ज्यांनी मुकाट्याने सोडून दिले त्यांची नोंद मात्र कोठेच होत नाही.

या प्रश्नावर तेथील उजव्या वृत्तपत्रांची भूमिका ठरलेली आहे. पोरे गुंड आहेत, आईबाप बेजबाबदार आहेत, कायदा मऊ आहे, शिक्षा वाढवा. डाव्या विचारांच्या माणसाची मात्र येथे कुचंबणा होते. त्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा की, ही पोरे आहेत तरी कोण? ज्यांच्या आजोबांची खाण बंद पडली, बापाचा कारखाना गेला आणि ज्यांच्या वाट्याला आता गोदामातले रात्रपाळीचे काम आले, तीच ही पोरे नव्हेत काय? त्यांच्यामागे पोलीस लावा असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे? हा विचार खोटा नाही. परंतु तो अर्धा आहे, आणि अर्ध्यावरच सोडून दिल्यामुळे तो शेवटी गरिबांवरच अन्याय करतो. सुखवस्तू उपनगरातील घरामागे स्वतःची बाग असते. सार्वजनिक उद्यानाची खरी गरज असते ती वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहणाऱ्याला. मोटारसायकलीच्या आवाजाने उद्यान सोडून जाणारा हा त्या पोराचाच शेजारी असतो, त्याच वर्गातला असतो, आणि जाण्यासाठी त्याला दुसरी जागा नसते. अशा शेजाऱ्याच्या तक्रारीकडे प्रतिगामी कुरकुर म्हणून पाहणे हा शहाजोगपणा झाला.

उद्यान ही वस्तू इंग्लंडमधील कामगाराला कोणी सहज दिलेली नाही, हे या ठिकाणी आठवले पाहिजे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत गावोगावची सामाईक जमीन, म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर गायराने, पार्लमेंटच्या कायद्यांनी कुंपणात घालून जमीनदारांच्या हवाली करण्यात आली. गावातून उठलेला माणूस गिरणीच्या गावी आला आणि तेथे त्याला पाय मोकळे करायलाही जागा उरली नाही. १८३३ मध्ये कॉमन्स सभागृहाच्या एका समितीने सार्वजनिक फिरण्याच्या जागांची चौकशी केली, तेव्हा औद्योगिक शहरांतील हा दुष्काळ अधिकृतपणे नोंदला गेला. पुढे १८४० मध्ये डर्बी येथे जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकाने आपली बाग शहराला दिली, तीसुद्धा आठवड्यातील काही दिवसच विनामूल्य. त्याच वर्षी पूर्व लंडनमधील सुमारे तीस हजार रहिवाशांनी राणीकडे अर्ज केला, तेव्हा कोठे १८४५ मध्ये व्हिक्टोरिया पार्क उघडले. मँचेस्टरने वर्गणी जमवून १८४६ मध्ये आपली पहिली उद्याने उभारली. १८४७ मध्ये जोसेफ पॅक्स्टनच्या आराखड्यानुसार बर्कनहेड पार्क सार्वजनिक पैशातून तयार झाले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा कर्ता ओल्मस्टेड ते पाहून भारावला होता, आणि त्याला विशेष वाटले ते हे की, येथे सामान्यातला सामान्य माणूस धनिकाच्या बरोबरीने त्या बागेचा मालक होता.

परंतु याच इतिहासाला दुसरी बाजूही आहे. ती विसरून आज जे कायदा कडक करा म्हणतात, त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. लंडनच्या केनिंग्टन मैदानावर १० एप्रिल १८४८ रोजी सनदवाद्यांची, म्हणजे चार्टिस्टांची, प्रचंड सभा झाली. काही वर्षांतच त्या मोकळ्या मैदानाला कुंपण पडले आणि १८५४ मध्ये तेथे नीटनेटके उद्यान झाले. फुलझाडांच्या वाफ्यांत सभा भरत नाही, हे राज्यकर्त्यांना चांगले ठाऊक होते. १८९६ मध्ये तर उत्तर मँचेस्टरमधील बॉगार्ट होल क्लफ या उद्यानात स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभांना महापालिकेच्या उद्यान समितीने बंदी घातली. बंदी मोडून बोलणाऱ्यांपैकी काहीजण तुरुंगात गेले. केर हार्डी आणि एमेलिन पँकहर्स्ट यांनाही न्यायालयात उभे राहावे लागले. उद्यानाची शांतता राखणे हेच कारण तेव्हाही पुढे करण्यात आले होते. त्या समितीच्या लेखी समाजवाद्यांचे भाषण हाही एक उपद्रवच होता. तेव्हा उपद्रव या शब्दाचा अर्थ कोण ठरवितो, हा प्रश्न इंग्रज समाजवाद्याला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही.

या दोन आठवणी एकत्र ठेवल्या की वाट दिसते असे आम्हांला वाटते. उद्यानातून काढावयाचे ते इंजिन. माणूस काढावयाचा नाही, त्यातून तरुण माणूस तर मुळीच नाही. ऐकायला हे सोपे वाटते. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ब्रिटनमध्ये जे कायदे झाले ते या कसोटीवर घासून पाहिले म्हणजे कोणता कायदा आपला आणि कोणता आपल्या अंगावर येणारा, हे लक्षात येते.

रस्ता सोडून सामाईक किंवा मोकळ्या जमिनीवर मोटार नेण्यास तेथे बंदी आहे, आणि ती आजची नाही. १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्यात ती आली. मॅकडोनाल्ड यांचे मजूर सरकार होते आणि हर्बर्ट मॉरिसन वाहतूक मंत्री होते. (याच कायद्याने मोटारींवरील ताशी वीस मैलांची वेगमर्यादाही उठवली, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. रस्ता मोटारीला आणि माळ माणसाला, असा तो सौदा होता. त्यातील पहिला भाग तेवढा काटेकोरपणे पाळला गेला.) आज ही बंदी १९८८ च्या कायद्याच्या ३४ व्या कलमात आहे. कायदेशीर अधिकाराशिवाय रस्त्याबाहेर यांत्रिक वाहन चालविणे हा गुन्हा होय; केवळ गाडी उभी करण्यापुरती रस्त्यापासून पंधरा यार्डांची सवलत आहे. हे कलम चालविणाऱ्याचे वय, कपडे, वस्ती काही विचारीत नाही. यंत्र कोठे आहे एवढेच ते विचारते. चांगल्या कायद्याचा हा गुण आहे.

त्याच्या जोडीला २००२ च्या पोलीस सुधारणा कायद्याचे ५९ वे कलम आले. अशा रीतीने चालविलेल्या वाहनामुळे लोकांना भय, त्रास किंवा उपद्रव होत असेल, तर गणवेशातील पोलिसाला ते जप्त करता येते. मात्र आधी ताकीद द्यावी लागते. बारा महिन्यांच्या आत पुन्हा तसेच घडले तर जप्ती. ताकीद देणे शक्यच नसेल तर तिची गरज नाही, असेही कलमात आहे. ही अट व्यवहारात पोकळ ठरली, कारण चेहरा झाकलेल्या आणि क्षणात दिसेनाशा होणाऱ्या स्वाराला ताकीद द्यायची कोणी आणि बारा महिन्यांनी त्याला ओळखायचे कोणी? २०२५ मध्ये मजूर सरकारने पार्लमेंटमध्ये आणलेल्या गुन्हे व पोलीसविषयक विधेयकात ती काढून टाकण्याची तरतूद होती. आम्हांला ही तरतूद योग्य वाटते. नागरी स्वातंत्र्याच्या नावाने तिला विरोध करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, येथे माणूस कोठडीत जात नाही. गाडी जाते, आणि शुल्क भरून ती सोडवताही येते.

याउलट २०१४ च्या समाजविघातक वर्तनविषयक कायद्याने स्थानिक कौन्सिलांना जो अधिकार दिला आहे, त्याच्याकडे आम्ही संशयाने पाहतो. त्यान्वये एखाद्या सार्वजनिक जागेपुरता विशेष आदेश काढून, परिसरातील जीवनावर अनिष्ट परिणाम करणारे कोणतेही कृत्य कौन्सिलला निषिद्ध करता येते. आदेश मोडणाऱ्याला जागीच दंडाची नोटीस मिळते. मोटारसायकलींविरुद्ध असे आदेश निघाले हे खरे. परंतु त्याच अधिकारात उघड्यावर झोपणाऱ्यांविरुद्ध, भीक मागणाऱ्यांविरुद्ध, घोळक्याने उभ्या राहणाऱ्या तरुणांविरुद्धही आदेश निघाले आहेत. ज्या उपद्रवाला नेमके कलम उपलब्ध आहे, त्यासाठी कौन्सिलच्या हाती असा ऐसपैस दंडुका देण्याचे कारण नाही. बॉगार्ट होल क्लफच्या उद्यान समितीला हा कायदा फार आवडला असता.

कायदा झाला, अंमल कसा करावयाचा? पाठलाग करून नव्हे, हे येथे ठामपणे सांगितले पाहिजे. २२ मे २०२३ रोजी कार्डिफच्या ईली या कामगारवस्तीत एका विजेच्या दुचाकीवरील पंधरा आणि सोळा वर्षांची दोन मुले अपघातात मरण पावली. पाठलाग झालाच नाही असे प्रथम सांगण्यात आले. पुढे अपघाताच्या थोडे आधी पोलिसांची गाडी त्यांच्या मागून जात असल्याचे चित्रण बाहेर आले. त्या रात्री वस्तीत दंगल उसळली, मोटारी जळाल्या, अनेक पोलीस जखमी झाले. या एका रात्रीने पोलीस आणि ती वस्ती यांच्यामधील जे काही उरलेसुरले विश्वासाचे नाते होते, त्याचे किती नुकसान केले असेल याचा हिशेब मांडणे कठीण आहे. गवत उखडणे हा काही देहदंडाचा गुन्हा नव्हे. सोळा वर्षांच्या मुलाला पळण्यास भाग पाडणारी कोणतीही कारवाई ही उद्यानाच्या रक्षणाची कारवाई म्हणता येणार नाही.

आणि पाठलागाची गरजही नाही. ५९ व्या कलमात एक बारकावा आहे, त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. वाहन जप्त करण्यासाठी पोलिसाला कोणत्याही आवारात प्रवेश करता येतो. अपवाद फक्त राहत्या घराचा. आणि राहत्या घराच्या व्याख्येतून गॅरेज आणि घरालगतची शेड स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. म्हणजे रविवारी दुपारी चिखलात जिचा पाठलाग करता आला नाही, ती गाडी मंगळवारी सकाळी शेडमध्ये स्वस्थ उभी असताना उचलता येते. त्यासाठी लागते ती माहिती. ही शेड कोणती, हे वस्तीला ठाऊक असते. पण सांगितले तर आपल्या खिडकीची काच फुटेल ही भीतीही वस्तीलाच असते. काही पोलीस दलांनी अलीकडे एक अदृश्य रासायनिक खूण ठेवणारे द्रव्य वापरण्यास सुरुवात केली आहे. ते स्वारावर किंवा गाडीवर उडविले की पुढे कित्येक दिवस तिची ओळख पटते. आकाशातून ड्रोननेही गाडी कोठे जाऊन थांबते ते पाहता येते. या साधनांना आमची हरकत नाही. परंतु आकाशातल्या यंत्रापेक्षा वस्तीत रोज पायी फिरणारा, चार घरांत चहा पिणारा पोलीस अधिक उपयोगी, असे आमचे मत आहे; आणि नेमका तोच कमी करण्यात आला. २०१० नंतरच्या काटकसरीच्या धोरणात इंग्लंड-वेल्समधील पोलिसांची संख्या २०१७ पर्यंत सुमारे वीस हजारांनी घटली होती.

माणूस महाग पडतो म्हणून लोखंड आणले गेले. उद्यानांच्या आणि पायवाटांच्या तोंडाशी बसवलेल्या अडसरांची कथा या सर्व प्रकरणातील सर्वांत उद्वेगजनक कथा आहे. मोटारसायकल आत जाऊ नये म्हणून इंग्रजी ए अक्षरासारखी, वर निमुळती होत जाणारी लोखंडी चौकट बसवतात. कोठे अर्धगोलात झुलणारे फाटक, कोठे पाय उचलून ओलांडावी लागणारी पायरी. हिशेब असा की माणूस जाईल आणि हँडल अडकेल. प्रत्यक्षात काय होते? मातीत उडविण्यासाठी बनवलेली मोटारसायकल मुद्दाम हलकी केलेली असते. दोन धडधाकट पोरे ती उचलून पलीकडे ठेवतात, किंवा कुंपणाला आधीच पडलेल्या भोकातून आत घालतात. अडकते कोण? चाकांच्या खुर्चीतला माणूस अडकतो. विजेच्या तीन-चारचाकी स्कूटरवर बसून बाजारहाट करणारी वृद्ध बाई अडकते. जुळ्या मुलांची रुंद बाबागाडी, सामान वाहणारी सायकल, अंध माणसाला मागे बसवून चालविली जाणारी जोडसायकल, सारी अडकतात. सायकल व पादचारी मार्गांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेने २०१८ मध्ये राष्ट्रीय सायकलमार्गांच्या जाळ्यावरील अडसर मोजले. ते सोळा हजारांहून अधिक भरले. २०१० च्या समता कायद्याप्रमाणे अपंग नागरिकांच्या वाटेतील अडथळे दूर करणे हे सार्वजनिक संस्थांचे कर्तव्य आहे, म्हणून आता कित्येक ठिकाणी हे अडसर काढण्याचे काम सुरू आहे. मग जवळचे रहिवासी घाबरून विरोध करतात, कारण त्यांच्या दृष्टीने तोच एक बांध होता. अशा रीतीने चाकांच्या खुर्चीतला नागरिक आणि भयभीत शेजारी हे एकमेकांसमोर उभे केले जातात, आणि ज्यांनी उद्यानातला माणूस काढून घेतला ते बाजूला राहतात.

हा माणूस म्हणजे उद्यानरक्षक. एकेकाळी ब्रिटनमधील नगरपालिकेच्या बहुतेक मोठ्या उद्यानांत तो असे, पुष्कळदा फाटकाजवळच्या छोट्या घरात राहत असे. गणवेश, शिट्टी आणि वस्तीतील प्रत्येक पोराचे नाव, एवढीच त्याची सामग्री. पोरे त्याला चिडवीत आणि भीतही. थॅचरबाईंच्या सरकारने १९८८ च्या स्थानिक शासन कायद्यान्वये बागकामासारख्या सेवांसाठी स्पर्धात्मक निविदा काढणे सक्तीचे केले. गवत कापण्याचा दर चौरस मीटरला ठरविता येतो. शिट्टीचा दर कसा ठरविणार? कंत्राटदाराची टोळी ट्रकमधून येते, गवत कापते आणि दुसऱ्या उद्यानाकडे जाते. रक्षक हिशेबातूनच नाहीसा झाला. पुढे २०१० नंतर कौन्सिलांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानात मोठी कपात झाली, तेव्हा पहिली कुऱ्हाड उद्यानांवर आणि युवक केंद्रांवर पडली, आणि त्याचे कारण साधे होते. वृद्धांची देखभाल, बालसंरक्षण ही कौन्सिलची कायदेशीर कर्तव्ये आहेत. उद्यान राखणे हे नाही. देशात सुमारे सत्तावीस हजार सार्वजनिक उद्याने असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतील एकही राखण्याची सक्ती कौन्सिलवर नाही. कॉमन्स सभागृहाच्या समितीने २०१७ मध्ये उद्यानांवर सविस्तर अहवाल दिला, त्यांच्या उपयुक्ततेचे कौतुक केले, पण असे कायदेशीर कर्तव्य लादण्याची शिफारस काही केली नाही.

आता त्या पोराकडे वळू. २०१० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये स्थानिक संस्थांचा युवकसेवांवरील खर्च महागाई लक्षात घेता दोन-तृतीयांशांहून अधिक घटला. केंद्रे बंद झाली, तेथले कार्यकर्ते गेले. यंत्राचे आणि वेगाचे वेड हे काही पाप नव्हे. ज्या देशाच्या कामगारवर्गाने जगाला यंत्रे बांधून दिली, त्या वर्गाच्या पोराला इंजिन खोलून पुन्हा जोडावेसे वाटले तर त्यात आश्चर्य कसले? त्याला कायदेशीरपणे गाडी उडविण्यास जागा आहे काय? आहे, पण ती शहराबाहेर. नगररचनेच्या नियमांनुसार जमीनमालकाला वेगळी परवानगी न घेता वर्षातून चौदा दिवस आपल्या शेतात मोटारसायकलींच्या शर्यती भरविता येतात. तेथे जायला बापाकडे गाडी वाहून नेणारी व्हॅन हवी, प्रवेशाचे पैसे हवेत, शिरस्त्राण आणि चिलखतासारखा पोशाख हवा. हे ज्याच्याकडे आहे त्याचा तो खेळ ठरतो, आणि ज्याच्याकडे नाही त्याचा तोच उपद्रव. तेव्हा शहराच्या हद्दीत, जुन्या कारखान्याच्या पडीक जागेवर, कौन्सिलने चालविलेले मैदान आणि त्याला जोडून दुरुस्तीची कार्यशाळा असावी, ही मागणी चुकीची नाही. मात्र ती रामबाण म्हणून मांडणाऱ्यांचा भाबडेपणाही आम्हांला मान्य नाही. काही पोरांना उद्यानच हवे असते, कारण तेथे मनाई आहे आणि पाहणारे लोक आहेत. शिवाय सगळेच स्वार पोरे नसतात. तिशीतले, कमावते बाप्येही त्यांत असतात, आणि काही गाड्या चोरीच्या असतात किंवा अमली पदार्थांची ने-आण करण्यास वापरल्या जातात. त्यांना कार्यशाळा नको आहे. त्यांची गाडी शेडमधून उचलली पाहिजे.

येथे कोणी विचारील की, मोकळ्या जमिनीवर मुक्तपणे वावरण्यासाठी इंग्रज कामगारच झगडला ना, मग मोटारसायकलवाल्याला तो हक्क का नको? हा युक्तिवाद स्वारांच्या बाजूने खरोखरच केला जातो, आणि त्यात मोठ्या ऐटीने किंडर स्काउटचे नाव घेतले जाते. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील काहीशे तरुण कामगार, जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवलेल्या त्या डोंगरावर बंदी मोडून चढले. वीस वर्षांचा बेनी रॉथमन त्यांचा पुढारी होता. पाचजण तुरुंगात गेले. त्या लढ्याचे फळ १९४९ च्या राष्ट्रीय उद्यान कायद्यात आणि शेवटी २००० च्या कायद्यात दिसले, ज्याने डोंगर, माळ आणि नोंदलेल्या सामाईक जमिनी सर्वांना खुल्या केल्या. परंतु तो कायदा उघडून पाहावा. त्याने दिलेला हक्क पायी जाण्याचा आहे. पायी जाणारा माणूस दुसऱ्या पायी जाणाऱ्याची वाट अडवीत नाही. हजार माणसे एका डोंगरावर चढली तरी एक हजार एकाव्यासाठी जागा उरते. मोटारसायकलीचे तसे नाही. ती एकटी उद्यानात शिरली की आवाज पोहोचतो तेवढी जमीन त्या घटकेपुरती तिच्या मालकाची होते. हे कुंपण घालणेच झाले, फक्त लाकडाचे नाही. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांनी आवाजाची तक्रार कमी होईल असे काहीजण म्हणतात; पण मागून न वाजता येणाऱ्या गाडीचे भय कमी कसे व्हावे, ते आम्हांला उमगत नाही.

आपल्या वाचकांना हे सारे दूरचे वाटू नये. अलिबाग, नागाव, काशीदच्या वाळूवर हीच चार जाड चाकांची गाडी भाड्याने मिळते, आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर थेट लाटांपर्यंत मोटारी नेणाऱ्या पर्यटकांवर पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागतात. फरक आहे तो असा की, तेथे कामगारवस्तीतले पोर चोरून येते आणि येथे पर्यटक पैसे मोजून येतो. वाळूत खेळणारे कोळ्याचे मूल दोन्हींकडून सारखेच बाजूला सारले जाते. आपल्याकडे या धंद्यावर काहींची चूल पेटते, म्हणून तो प्रश्न अधिक नाजूक आहे आणि त्याचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल.

ब्रिटनमध्ये एक उपाय मात्र आजवर मनावर घेतला गेलेला नाही. जी मोटारसायकल किंवा क्वाड रस्त्यावर आणायची नाही, तिची कोणत्याही सरकारी दप्तरात नोंदणी करावी लागत नाही. दुकानातून ती विकत घेता येते, दुसऱ्याला विकता येते, आणि मालक कोण याचा कोणालाच पत्ता नसतो. विक्रीच्या वेळीच नोंदणी सक्तीची करा, असे अनेक खासदारांनी सांगून पाहिले. हे अव्यवहार्य आहे, शेतकऱ्यावर आणि खेळाडूवर बोजा पडेल, असे उत्तर त्यांना मिळत गेले. परंतु २०२३ मध्ये हुजूर पक्षाच्याच राजवटीत उपकरणांच्या चोरीस आळा घालणारा एक कायदा मंजूर झाला. शेतांवरून क्वाड चोरीला जाऊ लागल्या होत्या आणि शेतमालक व विमा कंपन्या हैराण झाल्या होत्या. या कायद्याने मंत्र्यांना असे नियम करण्याचा अधिकार दिला की, नव्या क्वाडला चोरीपासून बचाव करणारे यंत्र आणि न पुसता येणारी ओळखखूण असल्याशिवाय ती विकता येऊ नये आणि विक्रेत्याने खरेदीदाराची नोंद ठेवावी. मालमत्ता मालकाकडून चोरीला जाते तेव्हा खूण आणि नोंद व्यवहार्य ठरते. तीच गाडी एखाद्या वस्तीचे उद्यान चोरते तेव्हा ती अव्यवहार्य कशी होते, हे संबंधित मंत्र्यांना विचारले पाहिजे. त्यासाठी नवे कायदेशास्त्र रचण्याचेही कारण नाही: त्या कायद्याखालील नियम क्वाडपुरते न ठेवता मातीवर चालणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीला लावावेत, आणि जुन्या गाड्यांची फेरविक्रीही त्यांत आणावी.